खोक्यावरचा आकडा

रविवारी मेसमध्ये फीस्ट असते. पोटात मसालेभात आणि गुलाबजाम गेले की अख्खं हॉस्टेल दुपारी आडवं होतं. अशा पवित्र वेळी गेल्या मार्च-एप्रिलमध्ये मेसमागच्या हौदाकडून दहा मिक्सर एकदम लावल्यासारखा आवाज यायचा आणि दुसऱ्या मजल्यावरून शिव्यांचा (आणि एकदा चपलेचा) वर्षाव व्हायचा. तो आवाज आमच्या बोटीचा होता. त्याबद्दल सर्वप्रथम जाहीर माफी! चप्पल अजून माझ्याकडेच आहे. ज्याची असेल त्याने जोडीची दुसरी दाखवून घेऊन जावी.

आता तुम्ही म्हणाल, बोट झाली, माफी झाली, मग लेख कशाला? तर मंडळी, हा लेख बोटीचा कमी आणि एका आकड्याचा जास्त आहे. तो आकडा म्हणजे १४००.

सुरुवातीपासून सांगतो.

टी. ई.ला मिनी प्रोजेक्ट असतो. आमचा ग्रुप चौघांचा. विषय शोधायच्या नावाखाली आम्ही कॉलेजमागच्या तळ्यावर जाऊन बसायचो. पण तळं दिसायचंच नाही, कारण वर सगळी जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही बया एकदा पसरली की पाण्यावर हिरवा गालिचाच अंथरते. त्यात साधी बोट घातली तर पाण्याखालचा प्रोपेलर मुळ्यांमध्ये गुरफटतो आणि बोट जागच्या जागी थांबते. यावरचा उपाय जुनाच आहे. पंखा पाण्याखाली ठेवायचाच नाही, वर हवेत ठेवायचा. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या मंडळींनी १९०५ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात अशी हवेच्या पंख्याची बोट बनवली होती. तिचं नाव 'अग्ली डकलिंग', म्हणजे बदकाचं कुरूप पिल्लू. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत आजही अशा 'एअरबोटी' फिरतात. म्हटलं, आपण तिचं छोटं रिमोटवरचं मॉडेल करू. आणि उघड्या पंख्याऐवजी डक्टेड फॅन लावू, म्हणजे नळकांड्यात बसवलेला पंखा. गाइड सरांना कारण सांगितलं 'सेफ्टी'. खरं कारण म्हणजे तो जेट इंजिनासारखा दिसतो. झालं, विषय ठरला.

पंखा ऑनलाइन मागवला. ७० मिलिमीटर व्यासाचा, सोबत ब्रशलेस मोटर. वायर, कनेक्टर आणि साठ अँपिअरचा स्पीड कंट्रोलर आमच्यातला मुंबईकर लॅमिंग्टन रोडवरून घेऊन आला. पंख्याच्या खोक्यावर ठळक छापलं होतं : थ्रस्ट १४०० ग्रॅम. म्हणजे एवढासा पंखा जवळजवळ दीड किलोचा रेटा देणार! आम्ही त्या रात्रीच हिशेब मांडले. बोटीचं वजन दीड-पावणेदोन किलो धरलं, रेटा १४०० धरला, आणि कागदावर बोट अशी काही पळाली की आता तळं अपुरं पडणार अशी काळजी वाटायला लागली.

प्रत्यक्षात आधी बोट वितळली.

हो, वितळली. थर्माकोलचे ठोकळे नायक्रोमच्या तापलेल्या तारेने कापून आम्ही सुंदर आकार काढला होता. वरून फायबरग्लासचं कापड लावायला स्वस्त म्हणून पॉलिएस्टर रेझिन आणलं. ब्रशने पहिला हात दिला आणि थर्माकोल तव्यावरच्या लोण्यासारखा खाली बसायला लागला. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन आणि त्या रेझिनमध्ये असतं स्टायरीन, ते त्याला सरळ विरघळवतं. हे आम्ही परीक्षेत लिहूनही आलो असू, पण उत्तरपत्रिकेत काही वितळत नाही ना! दुसरी बोट इपॉक्सी लावून केली. महाग पडलं, पण टिकली. रिसीव्हर आणि कंट्रोलर टिफिनच्या घट्ट झाकणाच्या डब्यात बसवले. बॅटरी चार सेलची लिथियम पॉलिमर. इथे एक गंभीर सूचना. ही बॅटरी खोलीत, गादीवर ठेवून, क्लासला निघून जाऊन चार्ज करू नका. आग लागू शकते आणि लागली की आवरत नाही. आम्ही वॉर्डन सरांना सांगून बाहेर पॅसेजमध्ये, मातीच्या कुंडीत ठेवून आणि शेजारी बसून चार्ज करायचो. असो.

मग आला मोजायचा दिवस. बंदरात टगबोटीची ताकद मोजताना तिला धक्क्यावरच्या खुंटाला बांधतात आणि दोर किती ताणला जातो ते बघतात. त्याला 'बोलार्ड पुल' म्हणतात. आम्ही तेच केलं. हौदात बोट सोडली, नाकाला नायलॉनची दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक सामानाचं वजन करायच्या डिजिटल काट्याला, आणि काटा हौदाच्या काठावर पक्का. बॅटरी फुल चार्ज. थ्रॉटल पूर्ण वर. आवाज... शिव्या... आणि काटा थांबला ८६० वर.

परत केलं. ८५०. परत केलं. ८७०.

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. दीड किलोच्या गप्पा आणि हातात ८६० ग्रॅम. आमचा पहिला विचार, काटा बिघडलाय. मेसवाल्या मावशींकडून साखरेचा किलोचा बंद पुडा आणून काट्याला लटकवला. काट्याने इमानदारीत किलोभर दाखवलं. म्हणजे काटा चांगला होता.

आता खरी गोष्ट सांगतो, जी सांगायला थोडी लाज वाटते. सबमिशनला पाच दिवस होते. रिपोर्ट टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. 'रिझल्ट' या हेडिंगखाली मी काय लिहिलं असेल? 'थ्रस्ट : १४०० ग्रॅम.' हात अडखळलासुद्धा नाही. पुढची सगळी कॅल्क्युलेशन्स त्याच आकड्यावर केली होती, ती परत कोण करणार? शिवाय खोक्यावर छापलेलं होतंच की!

प्रिंट वाचताना माझ्या रूम पार्टनरने एकच प्रश्न विचारला, "मग आपण हौदात काय मोजलं?"

मी म्हटलं, "अरे, ते आपलं सेटिंग चुकलं असणार."

तो म्हणाला, "मग काय चुकलं ते लिही."

मला राग आला. पण रात्री पडल्या पडल्या विचार करताना लक्षात आलं की मला १४०० लिहिताना काहीच वाटलं नाही, कारण मी हे पहिल्यांदा करत नव्हतो. दुसऱ्या वर्षाच्या फ्लुइड लॅबमधला व्हेंच्युरीमीटर आठवा. त्याचा सी-डी ०.९८ च्या आसपास यायला हवा हे पुस्तकात असतं, सीनियरच्या जर्नलमध्येही असतं. मॅनोमीटरच्या नळीत बुडबुडे असले, टाकी गळत असली, स्टॉपवॉच दाबायला उशीर झाला, तरी आपल्या सगळ्यांचा सी-डी ०.९७ किंवा ०.९८ येतो. साठ मुलांच्या वर्गात एकाचाही ०.८५ येत नाही. कसा येईल? आपण उत्तर आधी लिहितो आणि रीडिंग मागून जुळवतो. ओरिफिसला ०.६२, व्हेंच्युरीला ०.९८. पाढ्यासारखं पाठ. दोन वर्षं हीच सवय लागलेल्या माणसाने १४०० लिहिलं नसतं तरच नवल.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत बसलो. या वेळी प्रश्न एवढाच होता : १४०० चे ८६० का झाले?

पहिलं कारण आपल्या डोक्यावरच होतं, म्हणजे हवा. पुस्तकातली प्रमाणित हवा समुद्रसपाटीवरची आणि १५ अंश सेल्सिअसची असते. तिची घनता दर घनमीटरला १.२२५ किलो. आपलं कॉलेज दख्खनच्या पठारावर, साडेपाचशे मीटर उंचीवर. आम्ही मोजलं एप्रिलच्या दुपारी, ३८ अंशांत. दाब आणि तापमान घालून घनता काढली तर १.०६ च्या आसपास येते. म्हणजे पंखा तेवढ्याच वेगाने फिरला तरी हवाच तेरा टक्के पातळ! १४०० चे झाले साधारण १२१५.

दुसरं कारण बॅटरी. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात एक तक्ता होता, तो आम्ही तोवर वाचलाच नव्हता. त्यात १४०० ग्रॅम हा आकडा १६ व्होल्टला दिला होता. आमची बॅटरी नुसती ठेवली की १६.८ दाखवते, पण पंखा ४१ अँपिअर ओढायला लागला की १४.१ वर येते. फॅनचा रेटा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. फेरे साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात धरले तर इथे वीस-बावीस टक्के गेले. राहिले साडेनऊशेच्या आसपास.

तिसरं कारण मात्र आमची स्वतःची चूक होती. डक्टच्या तोंडाला बाहेरच्या बाजूने गोल वळवलेला ओठ असावा लागतो, त्याला बेलमाउथ म्हणतात. बोट जागेवर उभी असताना हवा चारी बाजूंनी आत ओढली जाते. तोंडाची कड धारदार असली तर हवा ती कड सोडून फाटते आणि पंख्याच्या पात्यांना नीट मिळत नाही. शिवाय त्या गोल ओठावर जो कमी दाब तयार होतो, तोही बोटीला पुढे ओढतो. आम्ही नळकांडं करवतीने कापून तसंच बसवलं होतं. मग पीव्हीसी पाइपचा तुकडा तापवून, लाकडी साच्यावर दाबून ओठ काढला, घासून गुळगुळीत केला आणि बसवला.

परत हौद. परत रविवार. परत शिव्या. काटा ९४० वर!

आम्ही चौघं हौदाशेजारी अक्षरशः नाचलो. ज्या पंख्याने चौदाशे द्यायला हवेत त्याने ९४० दिले म्हणून नाचणारे आम्ही पहिलेच असू. पण हे ९४० आमचे होते. ते कुठून आले हे आम्हाला ग्रॅमागणिक नाही, तरी पन्नास ग्रॅमच्या आत सांगता येत होतं. काटा वीस ग्रॅम इकडेतिकडे नाचतो, व्होल्टेजचा हिशेब अंदाजाचा आहे, हेही आम्ही रिपोर्टात लिहिलं.

आणि म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पंखा बनवणाऱ्याने आम्हाला फसवलं, असं माझं म्हणणं नाही. त्याचा तक्ता त्याच्या हवेत आणि त्याच्या १६ व्होल्टला बरोबर असेलही. बाइकच्या जाहिरातीतलं मायलेज आणि घाटात डबलसीट गेल्यावर पडणारं मायलेज यांत फरक असतोच. खोक्यावर तो आकडा खोटा नव्हता. आमच्या रिपोर्टात 'रिझल्ट' म्हणून बसला असता तर तिथे तो खोटा झाला असता.

मग बोट तळ्यावर नेली. तिथेही तिने पुष्कळ शिकवलं. पंखा पाण्यापासून अकरा सेंटिमीटर उंच, त्यामुळे जोर दिला की नाक खाली जायचं. बॅटरी मागे सरकवली तेव्हा सावरली. अशा बोटीला ब्रेक नाही, रिव्हर्स नाही, आणि सुकाणू पंख्याच्या झोतात असल्यामुळे थ्रॉटल सोडला की वळतही नाही. पहिल्याच दिवशी समोर घाटाची पायरी आली, मी घाबरून थ्रॉटल खाली ओढला आणि बोट सरळ पायरीवर! वळायचं असेल तर जोर द्यावा लागतो, हे डोक्याला पटतं पण अंगठ्याला पटायला आठवडा लागला. वीस मीटर अंतर तिने ३.१ सेकंदांत कापलं, म्हणजे ताशी २३ किलोमीटर. पंख्यातून बाहेर पडणारी हवा हिशेबाने ताशी १९० किलोमीटरची. एवढ्या वेगाने हवा मागे फेकून बोट एवढीच पुढे जाते, म्हणजे बहुतेक ऊर्जा हवेतच उधळली जाते. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड असल्याने तेवढ्याच रेट्याला पाण्याखालच्या छोट्या प्रोपेलरला कागदावर दहा पटींहून कमी वीज पुरते. आमची बॅटरी पूर्ण जोरावर तीन मिनिटंही टिकत नाही. सुट्या पानांवरून बोट मस्त घसरत जाते, पण दाट जलपर्णीत अडकते. दोन वेळा मासेमारीच्या दोरीने ओढून आणली. हेही सगळं रिपोर्टात आहे.

तळ्यावर थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी टाकणारे एक काका रोज आमची गंमत बघायचे. एक दिवस जवळ येऊन म्हणाले, "पोरांनो, ह्या कडंचा दोर त्या कडंला न्हेईल का ही? वढंल किती?"

त्यांचं जाळं जलपर्णीपलीकडे अडकलं होतं. म्हणजे हा व्हायवातला प्रश्न नव्हता. आम्ही १४०० म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता, त्यांनी थोडंच खोकं बघितलं होतं! मी म्हटलं, "काका, किलोभरसुद्धा नाही. ९४० ग्रॅम. ओला दोर झेपायचा नाही तिला."

काका हसले. म्हणाले, "मंग एखादा मासाच हिला वढून न्हेईल की!" आणि तराफा वळवून स्वतःच निघाले.

आता व्हायवाचं सांगतो. एक्स्टर्नल सरांनी रिपोर्ट उघडला आणि पहिलाच प्रश्न, "स्पेसिफिकेशन १४००, तुमचं ९४०. म्हणजे प्रोजेक्ट फेल?" आम्ही तीन कारणं सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, ओठ हाताने चाचपून बघितला, पण वेळ संपत आली होती. आम्हाला ५० पैकी ३६ पडले. दुसऱ्या एका ग्रुपला ४४. त्यांचा प्रोजेक्ट शहरातून तयार आला होता, रिपोर्टसकट, आणि त्यात प्रत्येक आकडा स्पेसिफिकेशनशी तंतोतंत जुळत होता. जुळणारच, तिथूनच उतरवला होता! मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर तेही खोटं रीडिंग होईल. चांगलंच वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून लहान तोंडी मोठा घास घेतो. सर आणि मॅडम, रागावू नका. आम्ही रीडिंग जुळवतो, कारण जुळलेल्या रीडिंगला मार्क आहेत आणि न जुळलेल्या रीडिंगला 'रिपीट' आहे. माझी एकच सूचना आहे. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी एक पान ठेवा : 'अपेक्षित आकडा, आलेला आकडा, फरक का आला?' आणि २५ पैकी १० मार्क या पानाला द्या. ज्याचा सी-डी ०.८५ आला आणि ज्याला बुडबुडे, गळती, स्टॉपवॉच यांपैकी काय कारणीभूत असावं हे सांगता आलं, त्याला ०.९८ उतरवणाऱ्यापेक्षा जास्त मिळू देत. प्रोजेक्टलाही हाच नियम लावा.

यावर कुणी म्हणेल, एवढी जर्नल्स तपासायला वेळ कुठे आहे? खरं आहे. पण सगळी एकसारखी जर्नल्स तपासून सरांना तरी काय कळतं? वेगळा आकडा दिसला की दोन प्रश्न विचारले तरी पुरे. दुसरं कुणी म्हणेल, मुलं निष्काळजीपणे मोजतील आणि वर कारणं रचतील. रचू देत. रचलेलं कारण दोन प्रश्नांत उघडं पडतं. जुळवलेला आकडा मात्र चार वर्षांत एकदाही उघडा पडत नाही, आणि पुढे तोच आकडा घेऊन आपण नोकरीला लागतो. तिथे कुणाचा तरी पूल, कुणाची तरी लिफ्ट आपल्या आकड्यावर उभी असणार आहे, आणि वापरणाऱ्याने त्या काकांसारखंच खोकं बघितलेलं नसणार.

आणि मित्रांनो, मार्कांचा नियम बदलेपर्यंत वाट बघायची गरज नाही. मी आता बी. ई.ला एवढंच करतो. लॅबमध्ये रीडिंग पेनने लिहितो, पेन्सिलीने नाही. बस्स. खोडता येत नाही म्हटलं की माणूस नीट मोजतो, आणि तरी चुकलं तर निदान का चुकलं याचा विचार करतो. दोन जर्नल्स रिपीट झाली. हरकत नाही.

बोट सध्या आमच्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. तिच्या बाजूवर मार्करने मोठ्ठं '९४०' लिहिलंय. ज्युनियर्स येतात आणि हा बोटीचा नंबर का म्हणून विचारतात. ज्यांना विश्वास नसेल त्यांनी काटा घेऊन यावं, हौद तिथेच आहे. फक्त रविवारी दुपारी चारनंतर या. माझ्याकडे चपला ठेवायला आता जागा नाही.

— बी. ई. (मेकॅनिकल)